वरचा डोह

आमच्या नदीला दोन डोह होते. खालचा देवीचा आणि वरचा कोणाचाच नाही. डोळखांबच्या डोंगरातून उतरून मुरबाडच्या अंगाला जाणारी ही लहानशी नदी. पावसाळ्यात ती गुरं वाहून नेते आणि होळीनंतर नुसती दगडांची रांग उरते. पाणी टिकायचं ते या दोन डोहांतच. देवीच्या डोहाच्या काठावर गावदेवीचं ठाणं आहे आणि ठाण्यासमोर दगडात कोरलेलं कासव आहे. पाय लागून लागून त्याची पाठ आता भाकरीच्या तव्यासारखी गुळगुळीत झाली आहे. माझ्या लहानपणी डोहातही कासवं होती. मऊ पाठीची, लांब मानेची, माणसाची चाहूल लागली की चिखलात गडप होणारी.

देवीच्या डोहात वर्षभर कोणी गळ टाकत नसे की जाळं लावत नसे. वैशाखात पाणी कमरेपर्यंत आलं की गावकी एक दिवस ठरवायची आणि त्या दिवशी सगळा गाव डोहात उतरायचा. रामेठ्याच्या झुडपाची साल ठेचून पाण्यात कालवली की मासे गुंगून वर यायचे. ते टोपल्यांनी भरायचे आणि घरटी सारखा वाटा लावायचा. जो उतरला त्यालाही आणि जो अंथरुणावर पडून होता त्यालाही. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते मी त्या दिवशीच खरं झालेलं पाहिलं. एरवी आमचं गाव बांधाच्या वीतभर मातीवरून कोर्टाची पायरी चढणारं.

पण साल पाण्यात पडण्याआधी एक काम व्हावं लागे. कासवं बाहेर काढायची. मासा गावाचा, कासव देवीचं, असा हिशोब होता. सालीनं कासवाला काही होतं की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं, पण बघत बसण्यात कोणाला रस नव्हता. ती काढून वरच्या डोहात नेऊन सोडायची, खडकांवरून चढत पाऊण तासाची वाट. पावसाचं पाणी आलं की ती आपली आपण उतरून देवीच्या डोहात परत यायची. हे काढण्याचं काम एका घराचं होतं. ते घर आमचं. त्याला मान म्हणत.

बापाला मी हे करताना पाहिलं आहे. सकाळीच तो पाय धुऊन डोहात उतरे आणि पायांनी चिखल चाचपत हळूहळू फिरे. कासव पायाला लागलं की वाके, मागच्या बाजूने दोन्ही हात पोटाखाली सरकवून त्याला उचले आणि काठावर देई. काठावर म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं जुनं घोंगडं भिजवून ठेवलेलं असे. त्यात गुंडाळलेलं कासव खांद्यावर घेतलं की मान बाहेर काढून ते आपल्या कानाजवळ फुसफुसतं. मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून ती खांद्यावरून वरच्या डोहात नेली आहेत. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे मी केलं ते अजाणतेपणी केलं असं कोणाला वाटायला नको.

बाप गेला तेव्हा मी अठराचा होतो. मान माझ्याकडे आला. दोन वर्षं मी तो नीट केलाही. मग मला सुरुंगाचं काम लागलं.

नव्वदनंतरची ती वर्षं विहिरींची होती. शहापूर-मुरबाडभर जो तो विहीर खणत होता. ट्रॅक्टरला लावलेला कॉम्प्रेसर, भोकं पाडणारे दोघं, एक मुकादम आणि सुरुंग भरणारा मी, अशी आमची टोळी गावोगाव फिरायची. जिलेटिनची कांडी, तिच्यात बार उडवणारी केप, केपेला वात. वात तिरकी कापायची, टोक चिरायचं, पेटवायचं आणि चालत लांब जायचं. पळायचं नाही. मुकादम म्हणे, पळणारा पडतो. विशी-बाविशीत आपल्या हाताने खडक फुटतो यासारखी दुसरी नशा नाही. मी गावात यायचो तो छाती काढूनच. खिशात वातीचे तुकडे असायचे, काळे, डांबरी, वरून पिवळा दोरा गुंडाळलेले.

ते तुकडे बायला सापडत. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आई आधीच गेलेली, त्यामुळे बापानंतर घर तिनेच चालवलं. तोंडाची तिखट. गावातल्या बायका तिच्याशी भांडायला जोडीने येत.

"हे काय भरून आणतस रे खिशात?" कपडे धुवायला घेताना ती विचारायची. "एक दिवस चुलीपाशी पडंल नि आमी सगळी वर जाऊ."

"नुसत्या वातीनं काय होत नाय गो बाय."

"मग कशाला मिरवतस?"

ती तुकडे काढून खिडकीत ठेवायची आणि मी ते पुन्हा खिशात घालायचो.

नदीकाठचा एक तुकडा बापाने तिच्या नावाने सोडला होता. भात कापून झालं की तिथे ती वाल टोकायची. असंच एका दिवाळीनंतर टोकताना काठी मातीत गेली आणि टोकाशी काहीतरी पिचकलं. तिने बोटांनी माती उकरली तर आत आवळ्याएवढी पांढरी गोल अंडी, कासवाची. एक फुटलेलं. बाकीची तिने मोजली नाहीत, दृष्ट लागते म्हणून. माती पुन्हा तशीच सारली आणि करवंदीच्या काट्या आणून वरून दाट घातल्या. त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्या हातनं एक गेलं, एवढंच दोन-तीनदा म्हणाली. मला हसू आलं होतं. मी म्हणालो, "कोंबडीची किती गेली असतील, त्याचं काय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट उचलून अंगणात जाऊन बसलो.

घालणारी कोण होती हेही तिने शोधून काढलं. पाठीच्या कडेला खाच असलेली एक मोठी मादी होती, बापही तिला ओळखायचा. बाय तिला म्हातारी म्हणायची. पुढची चार-पाच वर्षं म्हातारी त्याच तुकड्यात, त्याच कोपऱ्याच्या आसपास येऊन घालून गेली. बायने तो कोपरा पेरायचाच सोडून दिला. घोरपडी, मुंगूस, गावची कुत्री, सगळ्यांशी तिने वैर घेतलं. अंडी पुढच्या पावसापर्यंत मातीत राहत. माती भिजून मऊ झाली की रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी पिल्लं वर यायची. बाय ती घमेल्यात घेऊन देवीच्या डोहात सोडायची आणि रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घालून भिजत घरी यायची. तेवढ्यापुरतं ती कोणाशी भांडायची नाही.

मी कामावरून येऊ शकलो नाही त्या वर्षापासून मानही तीच करायला लागली. गावकीत कुजबुज झाली. बाईमाणूस, त्यात कपाळ पांढरं, तिने देवीच्या कासवाला हात कसा लावायचा? बाय म्हणाली, "मग तुमी काढा. चावतं ते." कोणी पुढे झालं नाही. मान आमच्याच घरी राहिला.

आणि मग ते वर्ष आलं.

टोळीत भोकं पाडणाऱ्या दोघांपैकी एक आमच्याच नदीच्या वरच्या गावचा होता. नदी एक असली तरी दोन गावांत मधे डोंगराची सोंड आहे. त्यांचा बाजार वेगळा, देव वेगळा. पोरगा सरळ होता. कित्येक दुपारी आम्ही एका डब्यात जेवलो आहोत. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला मासे हवे होते.

"तीन कांड्या दे," तो म्हणाला. "एका दमात काम. पावण्यांना दाखवू तरी, आमच्या नदीत काय हाय ते."

कांड्या मुकादमाच्या असायच्या. उरलेल्या परत करायच्या असा नियम होता आणि तो मोडला तर काय होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तीन बाजूला काढल्या. केपा दिल्या. हातभर वात दिली आणि ती कशी कापायची ते त्याच्याकडून दोनदा करून घेतलं, चुकून त्याचा हात जायला नको म्हणून. एवढी काळजी मी घेतली. आणि एक अट घातली.

"देवीच्या डोहात टाकायची नाय," मी म्हणालो. "वरच्या डोहात टाक. तिथं कोणाची आडकाठी नाय."

तो म्हणाला, "देवीच्या कशाला टाकीन? मला काय कळत नाय का?"

दोन दिवसांनी बाजारला आलेल्या गावच्या एकाने निरोप आणला. पाणी त्या वर्षी जास्त टिकलं होतं म्हणून डोह उतरायचा दिवस लांबला होता, तो आता परवावर ठरला होता. बायने सांगितलं होतं, मान तुझा आहे, या वर्षी तरी ये. मी म्हणालो, बघतो. मुकादमाला विचारलंसुद्धा नाही. मनात आलं ते एवढंच की बाय आहे की, ती करील.

मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मी आठवायला थांबलोच नाही. डोह उतरायचा म्हणजे कासवं कुठे जाणार, हे मला न कळण्यासारखं होतं का? ती वाट माझ्या खांद्याला पाठ होती. पण डोक्यात देवीचा डोह आणि कोणाचाच नसलेला डोह अशी दोन खाती पडली होती. देवीला धक्का लागू दिला नाही म्हणून मी उलट खूश होतो. देवीने जागा राखायला सांगितली नव्हती, जीव राखायला सांगितले होते. हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्याने मी घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "वरच्या डोहावर हाय ती सकाळधरनं. जा बघ."

मी चढून गेलो. बाय खडकावर बसली होती. तिच्यासमोर ओल्या वाळूत कासवं ओळीने ठेवली होती. सात. त्या वर्षी तिने नऊ नेऊन सोडली होती. उताणी नव्हती ठेवलेली, पायांवर ठेवली होती, चालत निघाल्यासारखी. पण माना खाली पडल्या होत्या आणि फुगून कातडी ताणली होती. पहिलीच्या पाठीला कडेला खाच होती. घोंगडं तिने भिजवून म्हातारीवर घातलं होतं, ते वाळून कडक झालं होतं.

"कालपासून एकेक वर यायला लागली," ती म्हणाली. रडून झालेलं दिसत होतं. "आंगाला कुठं जखम नाय बघ. एक ओरखडा नाय. नाकातनं थोडं रगत तेवढं."

मी घोंगड्याची कडा उचलून पुन्हा खाली सोडली.

"तू बघ ना रे. तुला काय कळतं का? मला वाटतं मी उशीर केला. कोणीतरी साल आदीच टाकली आसंल एका कडंला, नि मला दिसलं नाय. म्हातारीला शोधायला मला येळ लागला. तिच्या आंगात गेली आसंल. सगळ्यांच्याच गेली आसंल."

सुरुंग पाण्यात फुटला की दगडाचा तुकडा उडत नाही. पाणीच आतून मारतं. अंगाला जखम होत नाही, हे त्या डोहावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आधी ती बुडाली असतील. हळदीचे मासे गोळा करणाऱ्यांना दिसलीही नसतील. मग दोन दिवसांनी एकेक वर. आवाज ऐकूनही कोणाच्या लक्षात राहिला नसेल, त्या उन्हाळ्यात रोज कुठे ना कुठे विहिरीचा बार व्हायचा. मला पाहताक्षणी सगळं कळलं. मी खडकावर बसलो. बायला वाटलं मलाही तिच्यासारखंच दुःख झालं आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तिचा तो हात मला अजून जाणवतो. तो झटकून सांगायला हवं होतं. मी तिच्या हाताखाली मुकाट बसून राहिलो.

आम्ही दोघांनी खड्डा खणला. म्हातारीला बायने वेगळं पुरलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर गावकी बसली. देवीची सात कासवं मेली म्हणजे साधी गोष्ट नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. म्होरक्या म्हातारा म्हणाला, "मान पुरुषाचा. आमी तवाच बोललो होतो. बाईनं हात घातला, त्यात ती अशी. देवीला चाललं नाय."

बाय बायकांच्या घोळक्यापुढे उभी होती. जिच्याशी भांडायला बायका जोडीने येत ती बाय, आणि तोंडातून एक शब्द नाही. तिला स्वतःलाच चूक आपली वाटते आहे, असं मी धरून चाललो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या घरचा मान. तू काय म्हणतस?"

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं, ते मी हजारदा मोजून पाहिलं आहे. माझं काम गेलं असतं. पोलीस आले असते. वरच्या गावाशी मारामारी झाली असती, एक नुकतं झालेलं लग्न मोडलं असतं. पण बाय सुटली असती. आणि सुरुंगाने काय होतं ते वरच्या डोहावरचा ताजा खड्डा उकरून सगळ्या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. नदीत कांडी टाकायची नाही, असं गाव त्या दिवशी देवीची शपथ घेऊन ठरवू शकलं असतं. तशी वेळ पुन्हा आली नाही.

मी म्हणालो, "झालं ते झालं. आता काय बोलायचं?"

म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय." आणि मान आमच्या घरातून गेला.

पुढचं सांगायला फार काही नाही. दुसऱ्या घराला मान दिला खरा, पण काढायला कासवंच नव्हती. उरलेली दोन कोणाला दिसली नाहीत. पुढच्या वैशाखात मान मिळालेला माणूस डोहात उतरून नुसता चिखल चाचपून वर आला, लोक हसले. त्यापुढच्या वर्षी कोणी उतरलंच नाही. कासवं काढायची नाहीत तर दिवस कशाला ठरवायचा? दिवस नाही तर वाटा कसला? पोरं होळीतच डोहावर जायला लागली. कोणी कांडी आणी. कोणी पंचायतीच्या पाण्याच्या टाकीत टाकायची टीसीएल पावडर आणून डोहात ओती. साल होती तोवर मासे गुंगायचे आणि ताज्या पाण्यात उरलेले सावरायचे. पावडरीने बोटाएवढं पिल्लूसुद्धा राहत नसे, खेकडे दगडाखालून बाहेर येऊन मरत. दोन हजार साल उजाडलं तोवर देवीच्या डोहात आणि वरच्या डोहात काही फरक उरला नव्हता. दोन्ही कोणाचेच नाहीत.

म्हातारीने त्या वर्षी घातलेली अंडी मात्र मातीत होती. ती मरण्याआधी, दिवाळीतच घातलेली. बायने काट्या काढल्या नाहीत. पावसात पिल्लं आली. तिने ती घमेल्यात घेतली, डोहापर्यंत गेली आणि कोणी बघत नाही ना हे पाहून सोडली. पूर्वी ती हे मिरवत करायची. त्यांतली किती मोठी झाली ते माहीत नाही. आम्हाला पुन्हा एकही दिसलं नाही.

मी सुरुंगाचं काम सोडलं. सगळ्यांना सांगितलं, कानाला दडे बसतात म्हणून. मुरबाडच्या कारखान्यात लागलो, लग्न केलं, मुलं झाली. बाय आमच्याच घरात होती. तिच्या जिभेचं तिखट गेलं. बायका तिला टोमणे मारत, ती ऐकून घेई. गावात कोणाकडे सत्यनारायण असला की ती आपण होऊन मागे बसायची. आणि दर दिवाळीनंतर वाल टोकताना कोपऱ्यातली तेवढी जागा ती सोडायची, नव्या काट्या आणून घालायची. माझी बायको एकदा म्हणाली, "एवढी जागा फुकट कशाला घालवायची?" बाय म्हणाली, "माझी हाय. राहू दे." मी तिथेच काठी घेऊन उभा होतो. मी दुसऱ्या सरीला लागलो.

वीसेक वर्षं मी असा दुसऱ्या सरीला लागत आलो. शेवटी बोललो तेही काही धैर्य आलं म्हणून नाही. बायला धाप लागायला लागली होती. शहापूरच्या डॉक्टरने हृदय वाढलंय म्हणून सांगितलं होतं. त्या वर्षी वाल टोकताना ती चार पावलांवर बसायची, पुन्हा उठायची. काट्या तोडून आणायला मी गेलो. आणून ठेवल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाय, कांड्या मी दिल्या होत्या."

ती वाल मोजून ओंजळीत घेत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ठाव हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. "त्या वर्षी. वरच्या डोहात. कासवं मेली ती..."

"ठाव हाय म्हनलं ना. खड्डा खणून तू खाली गेलास नि मी घोंगडं धुवायला थांबले. दगडावर वातीचा तुकडा पडला होता. तिरका कापलेला, पिवळ्या दोऱ्याचा. तुझी किती पाटलोणी धुतली मी? मला नाय वळखता येत?"

म्हणजे दुसऱ्या दिवशी गावकी बसली तेव्हा तिला माहीत होतं. चूक आपली नाही हे माहीत असून ती त्या सगळ्यांसमोर गप्प उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणालो होतो, झालं ते झालं.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

"मी कशाला बोलू? मान तुझा होता. सांगायचंबी तूच." ती थांबली, श्वास घेतला. "मला वाटलं, आज नाय तर उद्या सांगशील. मग वाटलं, लगीन झाल्यावर. मग मी वाट बघायची सोडली."

मी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "माझे कशाला धरतस? गावाला सांग."

त्या वर्षीची गावकी नळाच्या पाइपावरून बसली होती. ठाण्यासमोर आता पत्र्याची शेड झाली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बाय मागे बायकांत येऊन बसली, कोणी न बोलावता. पाइपाचं झाल्यावर मी उठलो. म्हणालो, मला एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. कांड्या, वात, हळद, वरचा डोह. माझ्या बहिणीचा त्यात दोष नव्हता, हे दोनदा सांगितलं. मारतील, थुंकतील, वाळीत टाकतील, जे करतील ते मला हवं होतं.

कोणी काही केलं नाही. म्होरक्या म्हातारा केव्हाच वारला होता. त्याच्या बरोबरचे दोघं उरले होते, त्यांतला एक झोपला होता. बाकीची पंचविशीच्या आतली, शहापूर-कल्याणला नोकरीला जाणारी मंडळी. ती एकमेकांकडे बघू लागली. मग एकाने अगदी आदराने विचारलं,

"दादा, आपल्या नदीत कासवं होती?"

आणि त्याच्या शेजारचा म्हणाला, "किती किलोची असायची?"

शेडच्या कडेला दगडाचं कासव होतं, त्याच्या पाठीवर कोणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. बाय उठली, त्या चपला उचलून खाली ठेवल्या आणि चालायला लागली. मी तिच्या मागे गेलो. वाटेत ती दोनदा दम खायला थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "उशीर केलास रे." रागाने नाही, गाडी चुकल्यावर माणूस म्हणतो तशी.

पुढच्या पावसाळ्याआधी बाय गेली.

वाल आता मी टोकतो. कोपरा सोडतो. तिथे टाकळा माजतो, तो उपटून दर वर्षी करवंदीच्या नव्या काट्या घालतो. रस्त्याने जाणारं कोणी विचारतं, इथे काय राखलंय? मी सांगतो, काही नाही, गुरं शिरतात म्हणून.